डोळ्यातला ड्रॉप वर्षानुवर्षे चालू आहे? मग त्याच्यावर नजर कोण ठेवतंय?

घरोघरी आता एक छोटी बाटली दिसते. कुणाच्या देवळीत, कुणाच्या फ्रिजच्या दारात, तर कुणाच्या शर्टाच्या खिशात. डोळ्यात टाकायचा ड्रॉप. डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखी कचकच होते, सकाळी पापण्या चिकटतात, मोटारसायकलवर वारा लागला की पाणी वाहतं. डॉक्टर तपासून सांगतात, "डोळे कोरडे पडलेत, ड्रॉप टाका." पहिली बाटली संपते. मग बाजाराच्या दिवशी मुलगा रिकामी बाटली घेऊन मेडिकलमध्ये जातो आणि म्हणतो, "हाच ड्रॉप द्या." दुसरी येते, तिसरी येते. बघता बघता दोन वर्षे होतात. डॉक्टरांची चिठ्ठी तोवर केव्हाच हरवलेली असते.

पोटात घ्यायची गोळी दोन वर्षे चालू राहिली तर माणूस एकदा तरी विचारतो, "हिचा काही त्रास तर होणार नाही ना?" डोळ्यातल्या थेंबाबद्दल तसं कुणी विचारत नाही. पाण्यासारखा दिसतो, त्यात काय व्हायचंय, असा समज असतो.

पण थेंब हेही औषधच. ते वर्षानुवर्षे वापरल्यावर काय होतं, याच्यावर लक्ष ठेवण्याची पद्धत जगभर आहे आणि आपल्या देशातही आहे. ती कशी चालते, कुठे उपयोगी पडली, कुठे कमी पडते आणि तिच्यात गावातल्या माणसाचं काम काय, ते समजून घेणं गरजेचं आहे. कारण ही सगळी साखळी अखेर बाटली हातात धरणाऱ्या माणसापाशीच येऊन थांबते.

कोरडा डोळा म्हणजे नेमकं काय?

डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर कायम पसरलेला असतो. त्यात पाणी असतं, पाणी उडून जाऊ नये म्हणून वर तेलाचा पापुद्रा असतो आणि पाणी डोळ्याला धरून राहावं म्हणून खाली चिकट द्रव असतो. यातलं काहीही बिघडलं की डोळा कोरडा पडतो. म्हणून तर डोळ्यातून पाणी येत असतानाही डॉक्टर "डोळा कोरडा आहे" म्हणतात. डोळ्याची जळजळ झाली की पाणी धावून येतं, पण ते टिकत नाही.

वाढतं वय, पाळी गेल्यानंतरचा काळ, मधुमेह, संधिवाताचे काही प्रकार, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, चुलीचा धूर, मळणीची धूळ, ऊन-वारा आणि तासन् तास मोबाइल बघणं ही त्याची नेहमीची कारणं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही काही जणांना काही महिने हा त्रास होतो.

बऱ्याच जणांचा हा आजार आठ दिवसांत बरा होणारा नसतो. बीपी किंवा शुगरसारखा तो सांभाळावा लागतो. म्हणून ड्रॉपही लांबतो. आणि औषध लांबलं की त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा होतो. आठ दिवसांत न दिसणारी गोष्ट दोन वर्षांत दिसू शकते.

बाटल्या सारख्या, औषधं वेगळी

कोरड्या डोळ्यासाठी दिले जाणारे ड्रॉप साधारण तीन प्रकारचे असतात. दिसायला सगळ्या बाटल्या सारख्याच, पण आतलं औषध आणि त्याची जोखीम वेगळी.

पहिला प्रकार कृत्रिम अश्रूंचा. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, सोडियम हायल्युरोनेट अशी नावं त्यावर असतात. हे वंगणाचं काम करतात. तिन्ही प्रकारांत सर्वांत कमी जोखमीचे हेच. तरीही एक गोष्ट पाहावी लागते. बाटली उघडल्यावर जंतू वाढू नयेत म्हणून अनेक ड्रॉपमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं परिरक्षक घालतात. थोड्या दिवसांसाठी त्याचं काही वाटत नाही. पण दिवसातून अनेक वेळा, महिनोन् महिने ते डोळ्यात गेलं तर डोळ्याच्या वरच्या नाजूक पेशींना त्रास होतो आणि कोरडेपणा उलट वाढू शकतो. म्हणून दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा ड्रॉप लागत असेल तर परिरक्षक नसलेला ड्रॉप चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं.

दुसरा प्रकार सायक्लोस्पोरिनचा. डोळ्याच्या पृष्ठभागावर आतून धुमसणारी सूज हा ड्रॉप कमी करतो. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचा आणि दीर्घकाळ वापरायचा असतो. त्याचा गुण यायला महिने लागतात.

तिसरा प्रकार स्टेरॉइडचा. सूज फार असेल तर डॉक्टर तो थोड्या दिवसांसाठी देतात. आराम लगेच पडतो आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

मंजुरी मिळाली म्हणजे सगळं कळलं, असं नाही

सायक्लोस्पोरिनच्या ड्रॉपची गोष्ट या बाबतीत समजून घेण्यासारखी आहे. हे औषध मुळात पोटात घ्यायचं. किडनी बदललेल्या रुग्णाच्या शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून ते देतात. ते शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं. पोटातून घेतल्यास किडनीवर आणि बीपीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून अशा रुग्णांचं रक्त वारंवार तपासतात.

हेच औषध अगदी कमी प्रमाणात, म्हणजे ०.०५ टक्के, डोळ्याच्या थेंबात आलं आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००२ मध्ये त्याला मंजुरी दिली. ब्रँडचं नाव रेस्टासिस. त्याआधीच्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून ८७७ रुग्ण होते आणि त्यांचा मुख्य निष्कर्ष ६ महिन्यांच्या वापरावर काढलेला होता.

आता साधा हिशेब करू. समजा एखादा त्रास दर १० हजार माणसांत एकालाच होतो. ८७७ माणसांत तो बहुधा दिसणारच नाही. संख्याशास्त्रात यासाठी एक ठोकताळा आहे. ३०० लोकांना औषध दिलं आणि एकालाही एखादा त्रास झाला नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की तो त्रास शंभरात एकापेक्षा जास्त लोकांना होण्याची शक्यता कमी आहे. "होतच नाही" असा त्याचा अर्थ नाही. शिवाय ६ महिन्यांच्या चाचणीत दोन वर्षांनी होणारी गोष्ट कशी दिसणार?

म्हणून मंजुरीनंतरही अभ्यास चालू ठेवतात. सायक्लोस्पोरिनच्या बाबतीत तसंच झालं. आधीच्या चाचण्यांत हे औषध वापरलेल्या ४१२ रुग्णांना पुढे ०.१ टक्क्याचा, म्हणजे दुप्पट तीव्रतेचा ड्रॉप दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त ३ वर्षे देण्यात आला. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त आढळलेली तक्रार डोळ्यात जळजळ होण्याची होती, साधारण शंभरात ११ जणांना. बहुतेक त्रास सौम्य ते मध्यम होता. मंजूर झालेल्या ०.०५ टक्के ड्रॉपच्या माहितीपत्रकात जळजळीचा आकडा शंभरात १७ दिला आहे.

किडनीच्या भीतीचं काय? ड्रॉप वापरणाऱ्या रुग्णांच्या रक्ताची तपासणी झाली. १२ महिन्यांच्या वापरानंतरही रक्तात हे औषध मोजता येईल इतकंसुद्धा सापडलं नाही. म्हणजे गोळीची भीती थेंबाला जशीच्या तशी लागू होत नाही. पण हे कळलं ते कुणीतरी तपासलं म्हणून. नुसतं मानून चालणार नव्हतं.

या अभ्यासाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. त्यात आलेले लोक आधीच काही महिने हे औषध सोसलेले होते. ज्यांना सुरुवातीलाच ते मानवलं नाही ते पुढे आलेच नाहीत. अभ्यास कितीही चांगला असला तरी गावातल्या त्या आजी, ज्यांना शुगर आहे, संधिवात आहे, चार गोळ्या चालू आहेत आणि चुलीवर स्वयंपाक आहे, त्या सहसा अशा चाचणीत नसतात.

आणखी एक उदाहरण. लिफिटेग्रास्ट नावाचा कोरड्या डोळ्याचा ड्रॉप अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये मंजूर झाला. त्याच्या सुरक्षिततेसाठी ३०० हून अधिक रुग्णांचा वर्षभराचा वेगळा अभ्यास झाला. त्यात जळजळीबरोबर अनेकांनी एक वेगळीच तक्रार सांगितली, तोंडाची चव बिघडते. डोळ्यात टाकलेल्या औषधाने तोंड कसं बिघडेल? कारण डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक नळी असते, ती नाकात उतरते आणि तिथून औषध घशात येतं. म्हणूनच ड्रॉप टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिट-दोन मिनिटं हलका दाबून धरायला सांगतात. औषध डोळ्यातच राहतं, घशात उतरत नाही.

भारतातली राखण कशी चालते?

आपल्याकडे नवीन औषधं आणि चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. त्यानुसार नवीन औषध बाजारात आणणाऱ्या कंपनीला पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी आणि पुढची दोन वर्षे दरवर्षी सुरक्षिततेचा अहवाल सरकारला द्यावा लागतो. गंभीर आणि आधी माहीत नसलेला दुष्परिणाम समोर आला तर तो १५ दिवसांत कळवावा लागतो.

पण कंपनीला तरी कळणार कुणाकडून? ज्याच्या डोळ्यात औषध गेलं त्याच्याकडून, किंवा त्याला तपासणाऱ्या डॉक्टरकडून. यासाठी २०१० मध्ये 'फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया' हा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. सोप्या भाषेत, औषधांची राखण. त्याचं मुख्य केंद्र उत्तर प्रदेशातल्या गाझियाबाद इथे, भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. देशभरातल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत आणि रुग्णालयांत त्याची नोंद केंद्रं आहेत. तिथून आलेली माहिती गाझियाबादला जाते आणि पुढे स्वीडनमधल्या उप्साला इथे जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमासाठी चालणाऱ्या केंद्रात जगभरच्या नोंदींत मिळते.

एका माणसाने कळवलं म्हणून औषध दोषी ठरत नाही. शेतात एका ताटावर अळी दिसली तर शेतकरी तिच्यावर लक्ष ठेवतो. तीच अळी चार गावांच्या शिवारांत दिसली की कृषी विभाग सावध होतो. इथेही तसंच. वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच औषधाबद्दल एकसारख्या तक्रारी आल्या की तपास सुरू होतो. मग माहितीपत्रकात इशारा वाढवतात, तपासणीची अट घालतात, कधी औषध बाजारातून परत मागवतात.

बाटलीचं नाव आठवलं म्हणून साथ सापडली

ही राखण कशी कामाला येते याचं अलीकडचं उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि त्याचा धागा भारताशी जोडलेला आहे.

मे २०२२ पासून अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांत काही रुग्णांना स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा संसर्ग दिसू लागला. जंतू साधा नव्हता. बहुतेक अँटिबायोटिकला तो दाद देत नव्हता. कुणाच्या डोळ्यात, कुणाच्या फुप्फुसात, कुणाच्या रक्तात. रुग्ण एकमेकांना ओळखतही नव्हते. मग तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने, सीडीसीने, प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली की तुम्ही काय काय वापरत होता? बहुतेकांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी आली, कृत्रिम अश्रूंचा ड्रॉप. रुग्णांनी दहाहून जास्त ब्रँडची नावं सांगितली. त्यात सर्वांत जास्त वेळा आलेलं नाव होतं इझ्रीकेअर. पुढे उघडलेल्या बाटल्यांत तोच जंतू सापडला.

२० जानेवारी २०२३ ला सीडीसीने हा ड्रॉप थांबवायला सांगितलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो बाजारातून परत मागवण्यात आला. तो तयार झाला होता चेन्नईच्या एका कंपनीत. मे २०२३ पर्यंतची मोजणी अशी: १८ राज्यांत ८१ रुग्ण, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघांचा मृत्यू झाला.

हा ड्रॉप तिथे चिठ्ठीशिवाय मिळणारा होता. म्हणजे सर्वांत कमी जोखमीचा समजला जाणारा प्रकार. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दाखवलेल्या त्रुटींत एक महत्त्वाची होती. पुन्हा पुन्हा उघडायची बाटली असूनही तिच्यात पुरेसं परिरक्षक नव्हतं. वर सांगितलं की परिरक्षक जास्त दिवस गेलं तर डोळ्याला त्रास होतो. पण ते नसलेल्या साध्या बाटलीत जंतू वाढतात, ही त्याची दुसरी बाजू. म्हणून परिरक्षक नसलेले ड्रॉप एकदा वापरून फेकायच्या छोट्या नळ्यांत येतात, किंवा हवा-जंतू आत जाणार नाहीत अशा खास बाटलीत येतात. अशी नळी उद्यासाठी राखून ठेवायची नसते.

या सगळ्यात एक गोष्ट विसरण्यासारखी नाही. रुग्णांना आपल्या ड्रॉपचं नाव सांगता आलं, काहींनी बाटल्या दाखवल्या, म्हणून धागा सापडला. "पांढरी बाटली होती, निळं झाकण होतं" एवढंच सगळ्यांनी सांगितलं असतं तर?

आपल्याकडचा मोठा धोका: चिठ्ठी संपली तरी न थांबलेला स्टेरॉइड

अमेरिकेतली साथ मोठी बातमी झाली. स्टेरॉइड ड्रॉपने होणारं नुकसान बातमी होत नाही. ते एकेका घरात, गुपचूप होतं.

स्टेरॉइडने लाली जाते, चुरचुर थांबते, एका दिवसात बरं वाटतं. म्हणून माणूस तोच ड्रॉप पुन्हा मागतो. शेजाऱ्यालाही सांगतो, "माझा ड्रॉप टाकून बघ, एक नंबर आहे." पण स्टेरॉइड जास्त दिवस चालला तर डोळ्याच्या आतला दाब वाढू शकतो. साधारण एक तृतीयांश लोकांत हा दाब काही प्रमाणात वाढतो आणि थोड्या लोकांत फार वाढतो. कुणाचा वाढेल हे आधी चेहरा बघून सांगता येत नाही. वाढलेला दाब डोळ्यामागची नस दाबतो. त्यालाच काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदू लवकर येण्याचाही धोका असतो.

मोतीबिंदू ऑपरेशन करून काढता येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. शिवाय हा काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही. बाजूची नजर आधी कमी होते, समोरचं दिसत राहतं. माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. बैल डाव्या अंगाने आलेला दिसला नाही, दाराच्या चौकटीला खांदा लागला, तेव्हा लक्षात येतं. तोवर उशीर झालेला असतो.

म्हणूनच स्टेरॉइड ड्रॉपच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की १० दिवस किंवा त्याहून जास्त वापर असेल तर डोळ्याचा दाब तपासत राहावा. कोरड्या डोळ्यासाठी म्हणून अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालेला लोटेप्रेडनॉल या स्टेरॉइडचा ड्रॉपसुद्धा जास्तीत जास्त दोन आठवड्यांसाठीच आहे.

शेतीच्या कामात दुसरा धोका आहे. मळणीत किंवा कापणीत डोळ्यात कुसळ गेलं, पात लागली, तर बुबुळावर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. अशा डोळ्यात घरातला जुना स्टेरॉइड ड्रॉप टाकला तर लाली कमी दिसते, पण आत बुरशी फोफावते. मग डोळ्यात फूल पडतं किंवा डोळाच जातो.

हे नुकसान औषधांच्या नोंदीत फारसं का येत नाही? कारण दोन वर्षांनी नजर कमी झाल्यावर कुणी त्याचा संबंध त्या बाटलीशी लावत नाही. चिठ्ठी नसते, बिल नसतं, बाटली फेकून दिलेली असते. "वयामुळे झालं असेल" म्हणून विषय संपतो.

इथे एक सांगायला हवं. स्टेरॉइड वाईट नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तो लागतोच आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत तो न चुकता टाकायचा असतो. भीतीने मधेच बंद केला तर डोळ्याला इजा होते. प्रश्न आहे तो चिठ्ठी संपल्यावर चालू राहिलेल्या बाटलीचा.

तपासणी कधी आणि कसली?

ड्रॉप लांबणार असेल तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. यात कोणता औषधाचा प्रकार आहे, स्टेरॉइड आहे का? किती दिवस टाकायचा? पुन्हा दाखवायला कधी यायचं? कोणता त्रास झाला तर थांबवायचा?

फेरतपासणीत साधारण नजर पाहतात, डोळ्याचा दाब मोजतात आणि दुर्बिणीसारख्या यंत्राने बुबुळ तपासतात. कधी नारिंगी रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात डोळा बघतात. पृष्ठभागावर जखमा असतील तर त्या हिरव्या चमकतात. कागदाची छोटी पट्टी पापणीत अडकवून पाच मिनिटांत अश्रू किती आले तेही मोजतात. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतील तर सुरुवात तिथे करता येते. पुढच्या तपासण्यांसाठी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाचा नेत्र विभाग असतो.

कोणता त्रास चालतो, कोणता नाही?

सायक्लोस्पोरिनचा ड्रॉप टाकल्यावर थोडा वेळ चुरचुरणं नेहमीचं आहे. अनेक जण तेवढ्यावरच पहिल्या महिन्यात औषध सोडतात आणि "गुण आला नाही" म्हणतात. त्यांनी डॉक्टरांना सांगून पुढे जावं, मनाने सोडू नये. कृत्रिम अश्रू आणि हा ड्रॉप दोन्ही असतील तर मध्ये १५ मिनिटांचं अंतर ठेवावं.

पण डोळा दुखायला लागला, लाली वाढत गेली, उजेड सहन होईना, पू येऊ लागला, नजर अंधुक झाली किंवा दिव्याभोवती रंगीत वलय दिसू लागलं तर उद्यावर ढकलू नये. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं आणि जाताना बाटली सोबत न्यावी. ती फेकू नये, धुऊ नये. तीच पुरावा असते.

मोबाइलचा एक फोटो

गावात प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. नवीन ड्रॉप आणला की दोन फोटो काढून ठेवावेत, एक डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आणि एक खोक्याचा. खोक्याच्या फोटोत औषधाचं नाव, कंपनी, बॅच नंबर आणि मुदत वाचता आली पाहिजे. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख पेनाने लेबलवर लिहावी. बहुतेक ड्रॉप उघडल्यापासून एका महिन्यात संपवायचे किंवा टाकून द्यायचे असतात, मग छापलेली मुदत पुढच्या वर्षाची का असेना.

औषधाने त्रास झाला असं वाटलं तर १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर कामाच्या दिवशी कळवता येतं. रुग्णाने भरायचा फॉर्म मराठीतही आहे. त्यासाठी मोबाइल ॲपही आहे. डॉक्टरच असावं लागतं असं नाही, रुग्ण किंवा घरचं माणूसही कळवू शकतं. कोणाला त्रास झाला, कोण कळवतंय, औषध कोणतं आणि काय त्रास झाला, एवढं किमान लागतं. बॅच नंबर असेल तर फारच चांगलं. "औषधानेच झालं" हे सिद्ध करून द्यायची गरज नाही, संशय पुरेसा आहे. रुग्णाचं नाव गुप्त राहतं आणि कळवलं म्हणजे डॉक्टरवर किंवा मेडिकलवाल्यावर आरोप केला असं होत नाही. बाटलीत कचरा दिसला, सील तुटलेलं असलं किंवा औषध गढूळ वाटलं, तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात तक्रार करता येते.

गाझियाबादच्या कार्यालयाला गावातल्या आजींच्या डोळ्यात काय होतंय ते आपोआप दिसत नाही. कंपनीलाही दिसत नाही. ते फक्त घरच्या माणसाला दिसतं. त्याने बाटली नीट पाहिली आणि वेळेवर सांगितलं, तरच पुढची सगळी यंत्रणा हलते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• ड्रॉप एक महिन्यापेक्षा जास्त चालू असेल तर फेरतपासणीची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या.
• "यात स्टेरॉइड आहे का?" हे डॉक्टरांना आणि मेडिकलमध्येही विचारा. असेल तर सांगितलेल्या दिवसांपलीकडे टाकू नका.
• रिकामी बाटली दाखवून वर्षानुवर्षे तोच ड्रॉप घेऊ नका. दुसऱ्याचा ड्रॉप आपल्या डोळ्यात नको, आपला दुसऱ्याला नको.
• डोळ्यात कुसळ किंवा पात लागली तर घरातला कोणताही जुना ड्रॉप न टाकता थेट डॉक्टरांकडे जा.
• हात धुऊन ड्रॉप टाका. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नका.
• चिठ्ठीचा आणि खोक्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्रास झाल्यास १८००-१८०-३०२४ वर कळवा.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. चालू असलेलं औषध बदलण्याआधी किंवा बंद करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)